ज्ञानूनानांचं चूलबंद आवतान

ज्ञानूनाना मोबाइलसमोर चपला काढून उभे राहतात. फोटो असो की व्हिडिओ कॉल, आधी पायताण बाजूला, मग टोपी सारखी, मग बोलणं. "कुणाच्या तरी घरात शिरतोय न्हवं, बाई?" असं वर मलाच समजावतात. मी त्यांची शेजारीण, वडूजच्या शाळेत भूगोल शिकवते. दुसऱ्याकडून समजावून घ्यायची मला सवय नाही, पण नानांपुढं माझं काही चालत नाही.

नानांचं खरं काम म्हणजे आवतान देणं. लग्न असो, बारसं असो, घरोघर जाऊन जेवणाचं बोलावणं सांगायला भावकीला नानाच लागतात. उंबऱ्याशी उभं राहून ते विचारणार, "घरात हायसा न्हवं?" आतून 'व्हय' आल्याशिवाय पुढचा शब्द नाही. त्यातही चूलबंद आवतान सांगायचं असलं की त्यांचा आवाज चढतो. चूलबंद म्हणजे घरातल्या थोरापोरांनी सगळ्यांनी जेवायला यायचं, त्या दिवशी घरची चूल पेटवायची नाही. छापील पत्रिकेला ते मोजत नाहीत. "कागूद काय, वाऱ्यानंबी येतो. माणूस पायानं आला पायजे."

ह्याच हट्टापायी त्यांचा मुलगा विलास दुरावला. त्यानं पुण्यात फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीचं बोलावणं घरच्या ग्रुपवर टाकलं. बाकी सगळे गेले, नाना गेले नाहीत. "बापाला आवतान ग्रुपवर?" विलासही बापाचाच लेक, त्यानं बोलणं टाकलं. नानी असत्या तर त्यांनी दोघांचे कान धरले असते, पण त्या आता नाहीत. लेकानं एकदा घरी जेवायला यावं, एवढीच नानांची आस. हे सगळ्या आळीला ठाऊक, पण त्यांच्यासमोर कोणी तो विषय काढत नाही.

अशात त्यांची भाची सुरेखा हिनं स्टँडजवळ खानावळ काढली. पोरीच्या हाताला चव होती, दारात गिऱ्हाईक नव्हतं. मी म्हटलं, नानांचा व्हिडिओ करून टाकू.

"काचंवरनं आवतान?" नाना भडकले. "उंबरा कुटं हाय तितं?"

पण भाचीचा उतरलेला चेहरा बघून कबूल झाले. चपला काढल्या, टोपी सावरली, माझ्या मोबाइलकडं बघून विचारलं, "घरात हायसा न्हवं?" आणि थांबले. थांबलेच. मी हातानं खुणावते, पुढं बोला. नाना जागचे हलेनात. शेवटी मोबाइलवरच डाफरले, "आवं, व्हय म्हणा की!" मग हसले आणि म्हणाले, "रविवारी सुरेखाच्या खानावळीत जेवाया या. थोरं-पोरं समदी. चूलबंद आवतान हाय!"

मला कापाकापी येत नाही, म्हणून मी ते तसंच टाकलं. आणि नेमकं त्या थांबण्यानंच घात केला. वडूजच्या ग्रुपवरून ते औंधला गेलं, तिथून साताऱ्याच्या कुणीतरी त्याला हलगी जोडली, सांगलीत त्याचं स्टिकर झालं. एका क्लासवाल्यानं "व्हय म्हणा की!" आपल्या जाहिरातीला लावलं, मग एका सिमेंटवाल्यानं. कुणी ढकललं नाही, कुणाला सांगावं लागलं नाही. ज्यानं बघितलं त्याला वाटलं, आपल्या माणसाला दाखवावं. सीमेवरच्या पोरांनी खाली लिहिलं, "व्हय नाना, पण रजा मिळंना." हे मी नानांना वाचून दाखवलं. संध्याकाळी मला म्हणाले, "त्यांचं डबं बांधून धाडता येतील का?"

रविवारी लोटली की माणसं! टेम्पो भरून, दुचाकीवर चौघं चौघं, विट्याहूनसुद्धा. जेवली, ढेकर दिली, "नाना, लय झ्याक" म्हणून चालू लागली. चूलबंद आवतानाला पैसे द्यायचे नसतात हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. कळलं नव्हतं ते फक्त मला आणि सुरेखाला. ती डोक्याला हात लावून बसली. नाना उलट तिलाच म्हणाले, "आवतान देऊन पैसं घेत्यात व्हय गं?"

पण आवतानाला रिकाम्या हातानं तरी कोण जातं? लोकांनी आहेर आणले होते. ज्वारीची पोती, तांदूळ, स्टीलचे डबे, टॉवेल-टोप्या आणि ढीगभर ब्लाउजपीस. धान्यावर खानावळ तगली, आणि चव लागलेली माणसं पुढच्या आठवड्यापासून पैसे देऊन यायला लागली. सुरेखा हसायला लागली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

नाना मात्र रोज सकाळी एकच विचारत, "बाई, आज किती जणांनी बघितलं?" मी आकडा सांगायची. ते मान हलवायचे आणि हळूच पुढचं विचारायचे, "त्यात इलास आसंल का?"

आकड्यावरून ते काही कळत नाही.

एका सोमवारी नाना धुतलेलं धोतर नेसून, रुमालात अक्षता बांधून माझ्या दारात आले. "जगाला सांगून झालं, बाई. घरातल्याला सांगायचं ऱ्हायलं. पुण्याला निघालोय."

"फोन करा की."

"फोनवर न्हाई म्हणाया सोपं जातं. दारात आलेल्या माणसाला म्हणता येत न्हाई."

"कार्य काय आहे पण?"

"कार्य कशाला पायजे? बापाकडं जेवाया ये, म्हणायचं."

मी शाळेत रजा कळवली आणि त्यांच्याबरोबर एसटीत बसले. सातारा मागं पडला तरी नाना खिडकीबाहेर बघत होते, ओठ हलत होते. जन्मभर परक्या दारांत न अडखळता बोललेला माणूस लेकाला सांगायचं वाक्य जुळवत होता. मला त्यांच्याकडं बघवेना.

विलासनं दार उघडलं. नानांनी अक्षता पुढं केल्या, तोंड उघडलं, आणि शब्दच फुटेना. शेवटी मीच म्हटलं, "अरे, तुझे वडील जेवायला बोलवायला आलेत."

विलासनं बापाच्या मुठीकडं बघितलं. मग त्यानं दोन्ही हात पसरून अक्षता घेतल्या आणि आत वळून बायकोला हाक मारली, "आवर गं, पोरांची कापडं भर. गावाकडं जेवाया जायचंय."

नाना तिथंच जिन्याच्या पायरीवर बसले आणि टोपीनं डोळे पुसायला लागले. मी तोंड फिरवलं, पण माझंही काही वेगळं चाललं नव्हतं.