आप्पांची सोमवारची तपासणी

बँकेचे वार्षिक अहवाल सोडल्यास मी आयुष्यात काही लिहिलेले नाही. आणि ते अहवाल कसे होते, हे पुढे येईलच. तेव्हा साठीनंतर लेखणी उचलण्याच्या या धिटाईबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

आमचे एक सभासद-ठेवीदार हिंदुराव आप्पा आमची बँक म्हशीसारखी तपासत. कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या सहकारी बँकेत ते दर सोमवारी येत, शिपायाचा चेहरा न्याहाळत, रोखपालाच्या जांभया मोजत, चहाचा घोट जिभेवर घोळवत. चहा पातळ लागला की, "दूध आटलं का?" अशी पृच्छा होई. शेवटी माझ्या, म्हणजे व्यवस्थापकाच्या, टेबलाशी ठरलेला प्रश्न : "साहेब, रवंथ करतीया न्हवं?"

त्याचा अर्थ त्यांनीच एकदा उलगडून सांगितला. "गिळल्यालं परत तोंडात आलं पायजे. न्हाय आलं, तर म्हस आजारी." दिलेले कर्ज परत येते का, एवढेच त्यांना विचारायचे असे.

कर्ज परत येत नव्हते. महापूर, पाठोपाठ टाळेबंदी, मग ओतकामाच्या फौंड्रींची घटलेली कामे. कर्जदारांचे हप्ते थांबले. आम्ही त्यांना नवे कर्ज देऊन त्यातूनच जुने भरून घेत होतो आणि मी अहवालात 'स्थिती समाधानकारक' असे सुबक मराठीत लिहीत होतो.

वार्षिक सभेत आप्पांनी उभे राहून तोच प्रश्न विचारला. सभागृह हसले. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मी माईकवर म्हणालो, "करते, आप्पा."

"मग मंजूर," म्हणत ते बसले, आणि मागून 'मंजूर, मंजूर'चा गजर झाला.

चार महिन्यांनी बँकेवर निर्बंध आले, ठेवी अडकल्या. आप्पांचीही अडकली. पत्नी गेल्यावर विकलेल्या चार म्हशींचे ते पैसे होते. दर सोमवारी का येता, असे मी पूर्वी विचारले होते, तेव्हा ते म्हणाले होते, "गोठ्यात कोण न्हाय. बघायला कायतरी पायजे की."

दारातली गर्दी मला शिव्या देत होती. आप्पांनी तिला दटावले, "त्या बिचाऱ्याला काय म्हाईत असणार?" मग आत येऊन त्यांनी माझे तोंड न्याहाळले आणि पिशवीतली भाकरी टेबलावर ठेवली. "दोन दिस बघतोय, तुमचं तोंड हलंना. आदी खावा."

मी खाल्ली.

आता ते दर सोमवारी माझ्या घरी येतात, मी जेवलो का ते बघायला. मला सारे ठाऊक होते, हे मी त्यांना सांगावे का?