अकरा किलोमीटर चाललेली गाडी

एका जंगलात रस्ता नव्हता, पण गाड्या भरपूर होत्या.

मुलांनो, हसू नका. रस्ता सगळ्यांनी मिळून मागावा लागतो. गाडी एकट्याला घेता येते. म्हणून त्या जंगलात रस्ता जितका खराब, तितकी मोठी गाडी, असा हिशोब होता.

त्या जंगलात अंकुशराव नावाचं एक साळिंदर राहत होतं. साळिंदर माहीत आहे ना? पाठभर लांब, काळेपांढरे काटे. रागावलं की काटे उभे राहतात. अंकुशराव कधी रागावत नसत. ते फक्त काळजी करत. पण काळजीनेही काटे उभे राहतात, त्यामुळे बघणाऱ्याला फरक कळत नसे.

घरात त्यांची बायको सुगंधाबाई, लेक टोची आणि म्हातारे वडील होते. वडिलांना सगळे आबा म्हणत.

माघ महिन्यात एके सकाळी कावळा निरोप घेऊन आला. आबांची धाकटी बहीण गोदूआत्या घाटाखाली समुद्राकाठी दिलेली होती. तिचा निरोप होता.

"दादा, माझ्या डोळ्यांपुढे धुकं यायला लागलंय. वैद्य म्हणतात, होळीपर्यंत दिसेल, पुढचं काही सांगता येत नाही. होळीच्या आत ये. तुला एकदा नीट बघून घेते. उशिरा आलास तर नुसता आवाज ऐकावा लागेल, आणि तुझा आवाज मला कधीच आवडला नाही."

आबा हसले. मग उठून काठी शोधायला लागले.

"आबा, पायी?" अंकुशरावांचे काटे उभे राहिले. "या वयात? घाट उतरून? लोक काय म्हणतील? आपण गाडी घेऊ."

आणि त्यांनी गाडी घेतली.

गाडीचं दुकान कोल्ह्याचं होतं.

"साहेब, ही गाडी कुठेही जाते," कोल्हा म्हणाला. "ओढा, चिखल, डोंगर, वाळू. आणि सात जण आरामात बसतात."

"आम्ही चारच आहोत."

"बाकी जागांवर पाहुणे बसतील की."

"आमच्याकडे पाहुणे जवळ बसत नाहीत. त्यांना टोचतं."

"मग सामान ठेवा!" कोल्हा म्हणाला. कोल्ह्याकडे सगळ्याला उत्तर होतं.

गाडी पांढरीशुभ्र होती. आतल्या सीट मऊ चामड्याच्या होत्या. चामडं कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. जंगलात असे प्रश्न विचारत नाहीत.

दुकानापासून घरापर्यंत एक कोरडा ओढा होता. दुकानातल्या वानराने गाडी ओढ्यातून चालवत आणली. साळिंदरं मागून चालत आली.

"आत बसा की," वानर खिडकीतून म्हणाला.

"नको नको," अंकुशराव धापा टाकत म्हणाले. "नवी आहे."

घरी पोचल्यावर पूजा झाली. हार घातला, नारळ फोडला, चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. वानराने गाडी हातभर पुढे घेतली. चारही लिंबं चिरडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चालकासमोरच्या आकड्यात अकरा किलोमीटर दिसत होते. मुलांनो, हा आकडा लक्षात ठेवा. वहीत लिहायची गरज नाही, तो बदलणार नाहीये.

कारण दुसऱ्या दिवशी सुगंधाबाईंनी विचारलं, "अहो, पण आपण या गाडीत बसायचं कसं?"

साळिंदर सीटवर बसलं की सीटची चाळण होणार. हे गाडी घेण्याआधी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. डोक्यावर काटे आहेत हे माहीत होतं, पाठीवर आहेत हेही माहीत होतं. पण गाडी घेताना सगळे स्वतःला गुळगुळीत समजतात.

अंकुशरावांनी हा प्रश्न 'सात-आसनी मालक मंडळा'त टाकला.

हे मंडळ असं चाले. प्रत्येक मालकाचा एक पोपट असे. आपण पोपटाला प्रश्न सांगायचा. तो पिंपळावर जाऊन ओरडायचा. बाकीचे पोपट तो आपापल्या मालकांना सांगायचे आणि उत्तरं उलट फिरायची. रोज सकाळी सगळे पोपट आधी 'शुभ सकाळ' ओरडत. ते दुपारपर्यंत चाले. म्हणून उत्तरं दुपारनंतर येत.

पोपट आला आणि एका दमात बोलला. "गवा म्हणतो, सीटवरचं प्लास्टिक काढू नका, त्याने सहा वर्षांत काढलेलं नाही. तरस म्हणतं, प्लास्टिकवर घोंगडी, घोंगडीवर चटई. नीलगाय म्हणते, आज तिच्या गाडीचा वाढदिवस आहे, शुभेच्छा द्या. आणि कुणीतरी म्हणतंय, प्रत्येक काट्याच्या टोकाला एकेक बोर खोचा. खात्रीचा उपाय आहे."

"कुणीतरी म्हणजे कोण?" आबांनी विचारलं.

"ते कळत नाही," पोपट म्हणाला. "आलं तसं पुढे पाठवलंय."

प्लास्टिक, घोंगडी, चटई तर घातलीच, पण बोरांचा उपाय साळिंदरांना एकदम पटला. बोरांचे दिवस होतेच. टोचीने टोपलीभर बोरं गोळा केली आणि पहाटे काम सुरू झालं. आधी अंकुशराव, मग सुगंधाबाई, मग टोची. शेवटी आबा. आबांच्या अंगावर सगळ्यात जास्त काटे होते, कारण त्यांनी आयुष्यभर एकही टाकून दिला नव्हता.

"आबा, हलू नका ना," टोची म्हणाली.

"मी हलत नाहीये गं. श्वास घेतोय."

"मग तो जरा कमी घ्या."

आबांचा शेवटचा काटा झाकेपर्यंत सूर्य मावळला. चौघं बोरांनी लगडलेली झुडपं दिसत होती. अंकुशरावांनी मंडळाला विचारलं, "आता निघू का?"

पोपट लगेच परत आला. "गवा म्हणतो, नवी गाडी, घाट आणि अंधार? वेड लागलंय का?"

सकाळी बघतात तर झोपेत कुशी बदलताना अर्धी बोरं गळून पडली होती. उरलेली वानराने खाल्ली होती. वानराला गाडी चालवायला बोलावलं होतं. गाडी चालत नव्हती, म्हणून तो टपावर बसून नाश्ता करत होता.

पुन्हा बोरं आली, पुन्हा खोचली. त्या दिवशी वारा सुटला. धुळीने रंगावर बारीक रेघा पडतात, असं तरसाचं म्हणणं आलं. गाडीवर आच्छादन घातलं गेलं. पुढच्या वेळी अमावास्या निघाली. त्यापुढच्या वेळी नीलगायीने विचारलं, "पहिली सर्व्हिसिंग झाली का? त्याशिवाय घाट उतरू नका हं."

"पहिली सर्व्हिसिंग कधी करतात?" अंकुशरावांनी विचारायला पाठवलं.

"हजार किलोमीटर चालल्यावर."

"मग सर्व्हिसिंगशिवाय चालवायची नाही आणि चालवल्याशिवाय सर्व्हिसिंग नाही," आबा म्हणाले. "हजार किलोमीटर होणार कसे?"

पोपट हाही प्रश्न घेऊन गेला. संध्याकाळी आला.

"काय म्हणाले?"

"चांगला प्रश्न आहे म्हणाले. तरसाने हात जोडलेत."

दरम्यान माघ संपला होता.

मुलांनो, उभी गाडी सगळ्यात आधी कुणाला आवडते? बरोबर, उंदरांना. खाली पडलेल्या बोरांच्या वासाने ते आले आणि बॉनेटखाली राहायला लागले. अंकुशराव रोज दुपारी बाहेर उभं राहूनच हात लांब करून किल्ली फिरवत आणि गाडी पाच मिनिटं जागच्या जागी सुरू ठेवत. उंदीर त्याला दुपारची शेकोटी म्हणत. एका दुपारी किल्ली फिरवली, तर काहीच झालं नाही.

अस्वल मिस्त्रीला बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं. आत उंदरांचं कुटुंब जेवायला बसलं होतं. जेवणात वायरी होत्या.

"दार वाजवून यायची पद्धत आहे," उंदरीण म्हणाली.

मिस्त्रीने त्यांना अदबीने खाली उतरवलं, वायरी जोडल्या, हात पुसले. मग आकडा बघितला. पुन्हा बघितला.

"साहेब, अकरा?"

"अकरा," अंकुशराव अभिमानाने म्हणाले.

"चालवा हो हिला. रोज चालवा. फिरत्या गाडीत उंदीर संसार मांडत नाही. टायर उभ्या जागी बसतात, बॅटरी उतरते. दुसरं औषध नाही."

"आणि ओरखडा पडला तर?"

"पडेल."

"पडेल?"

"आज ना उद्या पडेलच. गाडी आहे ती."

अंकुशरावांचे काटे असे उभे राहिले की मिस्त्री दोन पावलं मागे सरकला.

मंडळात मिस्त्रीची खूप निंदा झाली. गवा म्हणाला, "मिस्त्री लोक असंच सांगतात. गाडी झिजली की यांचा धंदा." त्याऐवजी तंबाखूची पानं ठेवा, असा सल्ला आला. डांबरगोळ्या ठेवा, असाही आला. अंकुशरावांनी दोन्ही ठेवलं. उंदरांना तंबाखूची सवय लागली. डांबरगोळ्यांनी त्यांची पोरं गोट्या खेळायला लागली.

होळीला चार दिवस राहिले.

आबा अंगणात बसले होते. त्या दिवशी पुन्हा त्यांना बोरं खोचली होती, आणि पुन्हा निघायचं रद्द झालं होतं. यावेळी कारण काय होतं ते कुणाला आठवतही नव्हतं. अंकुशराव मऊ फडक्याने गाडीचा आरसा पुसत होते.

"अंकुश," आबा म्हणाले, "ही गाडी कुणासाठी घेतली रे?"

"असं काय विचारता? तुमच्यासाठी, आबा."

"मग तिला माझ्यापासून का जपतोयस?"

अंकुशरावांचा हात थांबला. ते काहीतरी बोलणार होते. काहीतरी चांगलंच बोलणार होते, असं मला अजून वाटतं. तेवढ्यात पोपट आला.

"अभिनंदन! अभिनंदन! मंडळाने तुम्हाला आदर्श मालक म्हणून निवडलंय! सबंध जंगलात सगळ्यात कमी चाललेली गाडी! होळीला पिंपळाखाली सत्कार! गाडी घेऊन या!"

"अहो, ऐकलंत का!" सुगंधाबाई आतून धावत आल्या. गडबड उडाली. गाडी पिंपळापर्यंत न्यायची कशी? चालवली तर आकडा वाढेल, आणि आकडा वाढला तर सत्कार कशाचा?

या गडबडीत आबा उठले.

"मी जरा पाय मोकळे करून येतो," ते म्हणाले.

"लांब जाऊ नका," अंकुशराव आरशाकडे बघत म्हणाले.

आबा कोरड्या ओढ्यात उतरले. पहिल्या वळणावर त्यांना भूक लागली. त्यांनी खांद्यावरचं एक बोर काढून खाल्लं. चांगलं होतं. मग ते तसेच चालत राहिले. भूक लागेल तसं अंगावरचं बोर तोडायचं, बी थुंकायची, पुढे जायचं. तहान लागली की झरा. दमलं की सावली. घाट तीन दिवसांत उतरला. आबांना सर्व्हिसिंग लागली नाही.

ओढ्यात घाटाच्या दिशेने पडत गेलेल्या बिया बघून टोचीला पहिल्याच संध्याकाळी कळलं. तिने सांगायचा प्रयत्नही केला. "बाबा, आबा..." ती म्हणे, आणि बाबा म्हणत, "थांब गं, सत्कार होऊ दे."

होळीचा दिवस उजाडला. गव्याने आणि त्याच्या भावाने गाडीला दोर बांधला, ती फळीवर चढवली, फळीखाली ओंडके घातले, आणि चाकं न फिरवता पिंपळाखाली ओढत आणली. आकडा हलला नाही. चार लिंबांनंतर तिने काहीच चिरडलं नव्हतं. भाषणं झाली. तरसाला गहिवरून आलं.

"आता एक फोटो," कोल्हा म्हणाला. "आदर्श मालक आपल्या गाडीत."

अंकुशराव त्या दिवशी नखशिखान्त बोरांत होते. गाडी घेतल्यापासून ते पहिल्यांदाच आत बसले. प्लास्टिक करकरलं. सीट मऊ होती. त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी डोळे मिटले. मग आठवल्यासारखं म्हणाले, "अरे, आबांना बोलवा. शेजारी बसू दे त्यांना. त्यांच्यासाठीच तर घेतली."

"तेच चार दिवस सांगतेय," टोची म्हणाली. "आबा समुद्रावर गेलेत. पायी. बोरं खात."

अंकुशरावांना काळजी वाटली.

मुलांनो, काळजीने काय होतं ते मी सुरुवातीलाच सांगितलंय. सगळे काटे एकदम उभे राहिले. बोरं बंदुकीतून सुटल्यासारखी सुटली. गव्याच्या नाकावर बसली, कोल्ह्याच्या कॅमेऱ्यावर बसली, काचेवर ताडताड आपटली. काटे चटई, घोंगडी, प्लास्टिक आणि चामडं पार करून सीटमध्ये घुसले. वरचे टपाच्या अस्तरातून बाहेर आले. आदर्श मालक आपल्या गाडीला सगळीकडून शिवले गेले.

सभा अंगावरची बोरं झटकायला लागली.

टोचीने खिडकीतून आत बघितलं. "बाबा," ती हळूच म्हणाली, "आता खराब झालीच आहे. मग चालवूया ना. घाट उतरला की आबा भेटतील."

वानराने किल्ली हातात घेतली. तोही आशेने बघत होता.

अंकुशरावांनी एकदा किल्लीकडे बघितलं, एकदा सीटच्या भोकांकडे. मग त्यांनी पोपटाला जवळ बोलावलं.

"मंडळाला विचार," ते म्हणाले, "सीटची भोकं कशाने बुजवतात?"

त्याच संध्याकाळी घाटाखाली वाळूत गोदूआत्या बिळाच्या तोंडाशी बसली होती. समोरून कुणीतरी सावकाश येत होतं.

"कोण ते?" तिने विचारलं.

आबा जागीच थांबले. ओळखलं नाही. म्हणजे उशीर झाला. बोलावं तर हिला आवाज आवडत नाही. ते तसेच उभे राहिले, काठीवर इतके वाकून की पाठ वर आली.

आत्याने डोळे बारीक केले. मान इकडे कलली, तिकडे कलली.

"दादा," ती म्हणाली, "पाठीला बोर काय लावून आलायस रे?"

आबांनी हात मागे नेला. पाठीच्या बरोबर मधे, जिथे हात पोचत नाही, तिथे एक उरलं होतं.

ते तिच्याजवळ वाळूत बसले.

"दिसलं तुला?"

"न दिसायला काय झालं? केवढं लालभडक आहे." आत्याने ते तोडलं, निम्मं स्वतः खाल्लं आणि निम्मं दादाला दिलं.

तात्पर्य: मुलांनो, गाडी जिवापाड जपावी. माणसांचं काय, ती पायी पोचतात.