स्टेजमागचे सोपानतात्या

आमच्या गावात कुणाचीही सभा असो, सोपानतात्या स्टेजच्या मागं बसतात. पुढं खुर्च्या रिकाम्या असल्या तरी मागंच. खताचं रिकामं पोतं घेऊन येतात, घडी घालून टाकतात आणि बोलणाऱ्याच्या पाठीकडं तोंड करून बसतात. कीर्तनालाही तेच. एकदा लग्नात मंगलाष्टका चालू असताना ते मागं जाऊन नवरदेवाची पाठ न्याहाळत होते. त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत नवरा-नवरीच्या मधोमध तात्यांचं डोकं आलंय. ते घर अजून त्यांच्याशी नीट बोलत नाही.

"म्होरनं समदीच चांगली दिसत्यात," तात्या म्हणतात. "शिंगं रंगवल्याली, झूल घातल्याली. माल मागनं बघायचा."

हा बैलबाजारातला शहाणपणा. येरमाळ्यापासून आत आमचं गाव. एके काळी आसपासच्या कुणालाही बैल घ्यायचे असले की तो आधी तात्यांना मोटारसायकलवर घालून न्यायचा. तात्या दात बघत नसत. गाडी जुंपायला लावायचे आणि जवळचा उतार शोधायचे. "चढाला समदेच वडत्यात, चाबकाच्या भ्यानं. उताराला बघायचं. वाट मोकळी, मागनं वजं ढकलतंय, तवा जो गाडी मानंवर तोलून धरतो त्यो बैल. पळत सुटला त्यो गाडी वढ्यात घालणार."

आता घरोघरी ट्रॅक्टर आले. तात्यांना बाजाराला कोण नेणार? मग त्यांनी पुढारी तपासायला घेतले. बैल काय, पुढारी काय, उतार सारखाच, असं त्यांचं म्हणणं. टाळ्या पडायला लागल्या की उतार लागला. तिथून पुढं माणूस स्वतःला आवरतो का, हे खांद्यांवरून कळतं म्हणे.

तालुक्याचा एक पुढारी हात जोडून "मायबाप जनता" म्हणत होता आणि त्याच वेळी मागं माइकची वायर धरून बसलेल्या माणसाला टाचेनं ढकलत होता. तात्या सभेतून उठून आले ते ओरडतच, "फेल! म्होरं नमस्कार, मागं लाथ!" दुसरा एक बिचारा अडखळत बोलला, लोक कंटाळून उठले. पण खाली उतरल्यावर त्यानं आधी विचारलं, "आपला डायव्हर जेवला का?" तात्यांनी त्याला पास केलं. तो निवडणुकीत पडला. त्याबद्दल तात्यांनी गावाला नापास केलं.

एका मोठ्या सभेत पोलिसांनी त्यांना स्टेजमागून उचललं. "काय करताय इथं?"

"बैल बघतोय, सायेब."

अर्धा दिवस गाडीत बसवून ठेवलं. सोडताना तात्या साहेबांना म्हणाले, "तुमी पास. पानी पाजलं तुमी."

आमच्या गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव होईपर्यंत हे सगळं मी हसत हसत सांगायचे. मग मी अर्ज भरला. माहेर आणि सासर मिळून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. उसाच्या फडातून येऊन परीक्षा दिल्यात, त्यामुळं सरपंचाच्या खुर्चीची मला भीती वाटत नव्हती. भीती वाटत होती ती स्टेजमागच्या पोत्याची.

समोर अर्ज होता गावपुढारी आबासाहेबांच्या सुनेचा. म्हणजे आबासाहेबांचाच. आमच्याकडं मतदानाआधी गाव मारुतीच्या पारावर जमतं. दोघी बोलतात. मग एकीची माणसं लिंबाखाली बसतात, दुसरीची शाळेच्या भिंतीला. या खेपेला लिंब माझ्या वाट्याला होता. जिच्याकडं माणसं कमी, तिनं अर्ज मागं घ्यायचा. आणि गाव बसत असताना उमेदवारांनी देवळाच्या मागं जाऊन थांबायचं, बघायचं नाही. कोण कुठं बसलं ते डोळ्यांनी दिसलं की पुढं पाच वर्षं मनात राग राहतो, म्हणून.

भाषण मी पाठ केलं. पण पाठीचं काय करू? आमच्या ह्यांना म्हटलं, "बोलताना माझे खांदे कसे दिसतात, जरा मागून बघा ना."

मोबाईलमधून मान वर न काढता हे म्हणाले, "पदर नीट हाय, काळजी करू नकोस."

शेवटी मी तात्यांकडंच गेले. "तात्या, उद्या तरी पुढं बसा की."

"का? काय लपवायचंय?"

"काही नाही. पण पोटात गोळा येतो हो."

"येऊ दे. गोळा न्हाय येत त्येचीच मला भीती वाटती."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाव जमलं. आबासाहेबांची सून कागदावरचं वाचून खाली बसली. मी उठले. पहिलं वाक्य नीट आलं. "खुर्चीवर मीच बसणार. सही माझी, शिक्काही माझ्याच हातात." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग शाळेचं बोलले, रेशनचं बोलले. टाळ्या वाढल्या. पोरं शिट्ट्या मारायला लागली. अंगात काहीतरी चढत होतं. खरं सांगते, लई गोड वाटत होतं.

तेवढ्यात ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचा एक जण ओरडला, "आन् आमच्या वस्तीला नळ कवा?"

"दिवाळीच्या आत!" हे शब्द तोंडात तयार होते. फक्त ओठ उघडायचे होते. आणि मला मागचं पोतं आठवलं.

"नळाचं मला माहीत नाही," मी म्हणाले. "पाइप कुठवर आलाय, कुठं अडलाय, मी अजून बघितलेलं नाही. बघून येते, मग सांगते."

टाळ्या थांबल्या. आबासाहेब पुढच्या खुर्चीतून मला म्हणाले, "मंग शिकून काय केलंस, सूनबाई?" सगळे हसले. शिकले म्हणूनच माहीत नाही असं म्हणता येतंय, हे उत्तर मला घरी गेल्यावर सुचलं.

खाली उतरताना ह्यांनी दात खाऊन विचारलं, "काय गरज हुती गं? टाळ्या पडत हुत्या की!"

आम्हा दोघींना देवळामागं धाडलं. आबासाहेबांची सून विहिरीच्या कठड्याला टेकली. तात्याही पोतं उचलून तिथंच आले होते; मी त्यांच्याजवळ जमिनीवरच बसले. पुढून चपलांचे आवाज येत होते. गाव उठत होतं, बसत होतं. कुठं, ते दिसत नव्हतं.

"तात्या, पास का फेल?"

"गप बस जरा."

ते मातीवर काडीनं रेघा ओढत राहिले. मग माझ्याकडं न बघता बोलले, "म्या बी एकदा हुबा हुतो ह्याच पारावर. तू तवा जलमली बी नव्हतीस. टाळ्या पडल्या. वस्तीवाल्यांनी इचारलं, वढ्यावर पूल कवा? म्या म्हनलं, पावसाळ्याच्या आत. निवडून आलो. हापिसांचे हुंबरे झिजवले, पर पूल काय झाला न्हाय. अजून न्हाय झाला."

मला हे माहीत नव्हतं. गावात कुणी कधी हा विषय काढला नव्हता.

"अजून पावसाळ्यात ती मानसं कंबरंएवढ्या पान्यातनं येत्यात. मला रामराम घालत्यात. एकानं बी कधी इचारलं न्हाय, तात्या, पुलाचं काय झालं. इचारलं आसतं, शिव्या दिल्या आसत्या, तर बरं झालं आसतं." त्यांनी काडी मोडली. "तवापास्नं म्होरं बसवत न्हाय, पोरी. म्होरं त्येंची तोंडं आसत्यात."

आबासाहेबांची सून कठड्यावरून आमच्याकडं बघत होती.

पुढून आरोळी आली, "कोन ऱ्हायलंय का बसायचं?"

तात्या गुडघ्यावर हात टेकून उठले. धोतर झटकलं. देवळाला वळसा घालून पुढं निघाले, सावकाश, भिंतीला हात लावत.

त्या दिवशी दोन्हीकडं जवळजवळ सारखीच माणसं बसली. कमी कोण, यावर भांडण झालं. शेवटी दोघींचेही अर्ज राहिले. मतदान परवा आहे आणि माझ्या पोटातला गोळा अजून तसाच आहे. काल पाइप बघून आले. तो ओढ्याच्या अलीकडंच संपलाय. ते मी वस्तीवर जाऊन जसंच्या तसं सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पण देवळामागं बसून मला त्या दिवशी काहीच दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. तात्या पुढं गेले आणि एकदम सगळं शांत झालं. चपलासुद्धा वाजेनात. मग वस्तीवरच्या एका म्हातारीचा आवाज आला, लिंबाच्या बाजूनं.

"तात्या, उन्हात का हुबं? सरका रं पोरांनो. ह्या, हितं बसा आमच्यात."