गार खोलीचे पंच

कुंभिवलीच्या मोतीबाईच्या हॉटेलातली नवी खोली पंधरा मिनिटांत गार पडली आणि पदूशेठ कंत्राटदारांना दरदरून घाम फुटला.

बाकी सगळे खूश होते. मोतीबाईच्या हातावर काटा आला होता. मुंबईहून येणाऱ्या मोटारी घाट चढायच्या आधी तिच्या हॉटेलापाशी थांबत आणि इंजिनात पाणी ओतून घेत. तेवढ्या वेळात आतल्या माणसांनाही गार करावं आणि वड्याचे दुप्पट पैसे लावावेत, असा तिचा साधा विचार होता. त्यासाठी तिने पदूशेठांकडून मागच्या अंगणात ही खोली बांधून घेतली होती. खोलीतली थंड हवेची मशीन पदूशेठांनी कर्जतच्या इद्रिसकडून बसवून घेतली होती. एकोणऐंशी सालच्या त्या एप्रिलात असली मशीन पंचक्रोशीत कुणी पाहिलेली नव्हती. इद्रिस हाताचं ग्रीस पुसत मशीनकडे पाहत होता, आणि त्याला पाहून पदूशेठांना आणखी घाम येत होता. खोली गार झाली म्हणजे काम पुरं झालं, आणि काम पुरं झालं म्हणजे इद्रिसचे राहिलेले चार हजार द्यायचे.

पदूशेठांकडे पैसे नव्हते असं नाही. त्यांचं एक तत्त्व होतं. शेवटचा हप्ता ही गोष्टच त्यांना मान्य नव्हती. लादीवाल्याला त्यांनी एका लादीवरच्या डागासाठी तीन वर्षं फिरवलं होतं. रंगाऱ्याला सांगितलं होतं, की रंग वाळला तसा फिका पडला, पैसेही तसेच पडतील. पहिले हप्ते मात्र ते इतक्या प्रेमाने देत, वर चहा पाजत, की शेवटचा मागायला माणसाला लाज वाटावी.

"शेठ, झालं काम," इद्रिस म्हणाला. "मशीन मुंबईच्या दुकानदाराकडून माझ्या शब्दावर उधार आणलीय. मे महिना लागला की तो दारात उभा ऱ्हाईल. माझं तेवढं मिटवून टाका."

"मिटवू की! पैसा काय पळून जातो?" पदूशेठांनी खिशातून कागद काढला. "पन कागदात काय लिवलंय? 'खोली समाधानकारक थंड झाल्याची खात्री गावच्या तीन प्रतिष्ठित पंचांनी एकमताने दिल्यावर उर्वरित रक्कम द्यावी.' तुजी सही हाय ना रं?"

"हाय की. थंडी काय लपून ऱ्हाते? बोलवा पंच."

इद्रिस मूळचा फ्रीज दुरुस्त करणारा. हत्यारांची पिशवी घोड्यावर टाकून माथेरानच्या हॉटेलांत जायचा. यंत्रांची त्याला पारख होती, पण कुंभिवलीच्या पंचांशी त्याची गाठ पडलेली नव्हती. पदूशेठांनी ते कलम स्वतःच्या डोक्यातून काढलं होतं आणि पंचही स्वतःच निवडले होते. पहिले कोंडाजी पाटील. दुसरे भातगिरणीचे मालक गोमाशेठ. या दोघांचं शेताच्या बांधावरून अठरा वर्षं वैर होतं. एकाने सूर्य उगवला म्हटलं तर दुसरा कंदील लावून बसे. तिसरे नागू मास्तर, निवृत्त. त्यांनी आयुष्यात कशालाच सरळ होय किंवा नाही म्हटलं नव्हतं. असे तिघे एकमताने काही बोलतील तेव्हा इद्रिसची दाढी गुडघ्यापर्यंत आलेली असेल, असा पदूशेठांचा अंदाज होता.

या कलमावर ते इतके खूश होते, की मोतीबाईच्या कढईपाशी बसून त्यांनी ते तिला दोनदा वाचून दाखवलं होतं.

"लई हुशार हाव तुमी, पदूभाऊ," मोतीबाई वडे सोडत म्हणाली होती. त्याच संध्याकाळी तिने खोलीच्या बांधकामाचा आपला कागद मास्तरांकडून लिहून आणला. पदूशेठांनी त्यातली रक्कम वाचली, काम संपल्यावर बारा हजार. मुदत वाचली, अक्षयतृतीया. दंड वाचला, मुदत टळली तर दिवसाला पन्नास. स्तुतीने मन भरलेलं होतं, खाली आणखी काही ओळी होत्या, त्यावर वड्याचं तेल पडलं होतं. त्यांनी सही ठोकली.

त्या बारा हजारांवर पदूशेठांचा जीव जडला होता. खोपोलीला एक जुना ट्रक त्यांनी पाहून ठेवला होता, दोन हजार बयाणाही दिला होता. मेच्या पंधरा तारखेपर्यंत बाकीचे दिले नाहीत तर बयाणा बुडणार होता. ट्रकच्या कपाळावर लावायची पाटी मात्र त्यांनी आधीच रंगवून घेतली होती आणि ती घरात गणपतीच्या फोटोशेजारी टांगली होती. बायको गौराबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "पाटी आलीय, मागून गाडी येतेय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिन्ही पंच आले. बाहेर डांबर वितळत होतं. कोंडाजी आणि गोमाशेठ एकमेकांकडे पाठ करूनच दारातून आत शिरले, मागून मास्तर. दार लागलं. पदूशेठ बाहेर कान देऊन भांडणाची वाट पाहत उभे राहिले.

पाव तास गेला, अर्धा तास गेला. आतून चकार शब्द नाही. दोन तासांनी दार उघडलं. कोंडाजींच्या गालावर चटईचे वळ होते.

"काय मग?" पदूशेठांनी विचारलं.

"तसं म्हटलं तर गार आहे," मास्तर म्हणाले. "पण आज गार आहे म्हणून उद्या असेलच असं नाही."

"एका दिसात काय कलतं?" गोमाशेठ म्हणाले.

"बराबर बोलला गोमा," कोंडाजी म्हणाले.

अठरा वर्षांत पहिल्यांदाच ते शब्द गावाने ऐकले. पदूशेठांना तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण ते इद्रिसचं पडलेलं तोंड पाहण्यात गुंतले होते. "पंच बोलतील ते खरं रं बाबा," ते म्हणाले. "तपासनी नीट होऊ दे." वर मोठ्या मनाने मोतीबाईला ओरडून सांगितलं, "पंचांना रोज चहा-वडा द्या, माज्या खात्यावर!"

तपासणी नीट सुरू झाली. कोंडाजी घरून उशी घेऊन येऊ लागले. गोमाशेठ गिरणी बाराला बंद करू लागले. मास्तरांनी पेन्शनच्या अर्जांचा गठ्ठा आणला आणि तिथेच निकालात काढायला घेतला. चौथ्या दिवशी कोंडाजी आणि गोमाशेठ एका चटईवर सोंगट्या खेळताना दिसले. आठवड्याने बांधाचा विषय निघाला. गोमाशेठ म्हणाले, "दोन हात इकडं का तिकडं, काय फरक पडतो, पाटील?" कोंडाजींना गहिवरून आलं. कोर्टाला अठरा वर्षांत जमलं नव्हतं ते इद्रिसच्या मशीनने केलं होतं. फक्त खोली गार आहे का, एवढ्याच मुद्द्यावर त्यांना अजून खात्री होत नव्हती.

अक्षयतृतीया आली आणि गेली. मोतीबाईने गल्ल्यामागच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ मारली.

"ही कसली?" पदूशेठांनी विचारलं.

"पन्नास रुपयांची. खोली कुठं ताब्यात दिलीत? आत पंच बसलेत."

"अगं, पन खोली तयार हाय!"

"मग घाला त्यांना भायेर. माजं काय जातंय?"

तिचं खरंच काही जात नव्हतं. दिवसाला पन्नास कापले जात होते, आणि पंचांचे वडे मोटारवाल्यांपेक्षा जास्त खपत होते. त्यात बांधकामासाठी घेतलेलं विजेचं तात्पुरतं मीटर पदूशेठांच्याच नावावर होतं. त्यांनी मीटरपाशी जाऊन पाहिलं. चकती भिंगरीसारखी फिरत होती.

दुपारी त्यांनी दार ढकललं. आत अंधार, गारवा आणि घोरणं.

"पाटील, उठा. माजं ऐका. खोली गार हाय. एकदम फस क्लास गार हाय. तसं लिवून द्या आनि घरी जा."

कोंडाजींनी एक डोळा उघडला. "तुला रं कसं कललं?"

"मला कललं म्हंजे? मी उभा हाय ना इथं! कुडकुडतोय!"

"तू पक्षकार आहेस, पदू," मास्तर समजावणीच्या सुरात म्हणाले. "पक्षकाराचं मत धरता येत नाही. कागद तुझाच आहे."

"दार लाव," गोमाशेठ म्हणाले.

मग पदूशेठांनी मुख्य बटणच बंद केलं. उकाड्याने पंच आपोआप बाहेर येतील, असा त्यांचा बेत होता. पंच आलेही. तिघेही घामाने भिजून, अत्यंत गंभीर चेहऱ्याने आले. मास्तरांनी तिथल्या तिथे टिपण लिहिलं: 'अठराव्या दिवशी मशीन बंद पडल्याचे आढळले. सबब मागील सर्व दिवस रद्द समजून तपासणी पहिल्यापासून सुरू करावी.' कोंडाजी आणि गोमाशेठांनी एकमताने खाली सह्या केल्या. बटण परत लावून द्यायला पदूशेठांना स्वतःलाच जावं लागलं.

भिंतीवर दहा रेघा झाल्या त्या दिवशी सकाळी ते एसटीने कर्जतला गेले. इद्रिस दुकानात एक उघडा फ्रीज समोर घेऊन बसला होता, पण हात चालत नव्हते. मुंबईचा दुकानदार आदल्या दिवशी येऊन चार लोकांत त्याला टाकून बोलून गेला होता. त्याच्यासाठी केलेला चहा इद्रिसच्या बायकोला, मासूमाला, मोरीत ओतावा लागला होता. बारा वर्षांत इद्रिसच्या शब्दावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि ते त्याला फार लागलं होतं.

"घे रं बाबा," पदूशेठांनी पाकीट पुढे केलं. आयुष्यात पहिल्यांदा ते शेवटचा हप्ता घेऊन कुणाच्या दारात उभे होते, आणि हात कसा पुढे करायचा तेही त्यांना नीट जमत नव्हतं.

इद्रिसने पाकिटाकडे पाहिलं, हात लावला नाही. "पन पंचांचं एकमत?"

"खड्ड्यात गेलं एकमत!"

"असं कसं, शेठ? कागदात लिवलंय. उद्या म्हनाल, इद्रिसनं पंचांना डावलून पैसं नेलं."

"नाय म्हननार! ये मासूमाबाय, सांग ना याला!"

मासूमा आतून शांतपणे म्हणाली, "आधी कागद फाडा म्हनावं."

पदूशेठांनी आपल्या हाताने ते लाडकं कलम फाडलं, चार तुकडे केले. इद्रिसने पैसे घेतले, पावती दिली आणि त्यांना चहा पाजला. पदूशेठांना तो चहा कडू लागला. तरी एसटीत बसल्यावर त्यांना हलकं वाटू लागलं. बारा हजारांतून पाचशे दंड गेला, वड्याचं आणि विजेचं देणं गेलं, तरी ट्रक येत होता. पंधरा तारखेला अजून सहा दिवस होते.

हॉटेलात शिरल्या शिरल्या त्यांनी फाटक्या कागदाचे तुकडे पंचांसमोर टाकले. "संपली तपासनी! उठा!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोंडाजींनी उशी काखेत मारली, गोमाशेठांनी सोंगट्या गोळा केल्या. मास्तरांनी जड हाताने अर्जांचा गठ्ठा बांधला. पदूशेठांना क्षणभर वाईटसुद्धा वाटलं.

"मोतीबाय, घ्या खोली ताब्यात. आनि आमचं बारा हजारांचं बगा."

"देते की," मोतीबाई म्हणाली. हात पदराला पुसून तिने गल्ल्यातून तेलाचा डाग पडलेला कागद काढला. "मास्तर, जाऊ नका. खालचं तेवढं वाचा."

मास्तरांनी चष्मा लावला. "'बांधकाम समाधानकारक झाल्याची व छप्पर गळत नसल्याची खात्री गावच्या तीन प्रतिष्ठित पंचांनी एकमताने दिल्यावर रक्कम द्यावी. पंच मशीनच्या कागदातलेच.'"



"मलाबी तुमचं कलम आवडलं होतं ना," मोतीबाई म्हणाली. "तुमच्यासमोरच कागद ठेवला. सही तुमचीच हाय."

पदूशेठांनी वर बोट केलं. "मग... मग बगा की! हे बगा छप्पर! कुठं गलतंय?"

तिघांनी माना वर केल्या. छप्पर पाहिलं. बाहेर नऊ मेचं ऊन रस्त्यावर नाचत होतं.

"आत्ता कसं कलंल?" गोमाशेठ म्हणाले.

"पानी पडल्याबिगर छपराचं काय सांगावं?" कोंडाजी म्हणाले, आणि उशी परत होती तिथे ठेवली.

"आणि एका पावसाने खात्री देता येत नाही," मास्तर गठ्ठ्याची गाठ सोडत म्हणाले. "तसं म्हटलं तर श्रावण उलटेपर्यंत पाहावं लागेल."

"अवो, पन माजा ट्रक!" पदूशेठ ओरडले. "पाटी रंगवून ठेवलीय! आनि तंवर मशीन कशाला चालू? छपराला मशीन लागते?"

"पंचांना लागते," गोमाशेठ म्हणाले, आणि यावरही तिघांचं एकमत झालं.

मोतीबाई कोळसा शोधू लागली. पदूशेठ उंबऱ्यात उभे राहून आभाळाकडे पाहत होते. वर एक ढग नव्हता. तेवढ्यात मागून कोंडाजींचा झोपाळलेला आवाज आला.

"पदू, दार लाव रं. गारवा जातोय."

पदूशेठांनी दार लावलं. बाहेरून.