आधी हॉटडिश, मग शिवी

लोकशाहीत मतदान एका दिवसात उरकतं आणि मोजणी एका रात्रीत. शेजाऱ्यांबरोबर मात्र पुढची चार वर्षं काढावी लागतात. राज्यघटनेत याची काहीच सोय नाही. घटना लिहिणारे विद्वान होते, पण त्यांच्या काळी शेजाऱ्याचं मत कळायला घोड्यावरून त्याच्या दारी जावं लागे, आणि तिथे पोचेपर्यंत माणूस इतका दमलेला असे की भांडायच्या आधी प्यायला पाणी मागे. अमेरिकेत मिनेसोटातल्या पाइक बेंड या गावाने ही उणीव स्वखर्चाने भरून काढली, त्याची ही हकिकत.

‘पाइक बेंडचे शेजारी’ हा फोनवरचा ग्रुप तीन पवित्र उद्देशांसाठी निघाला होता: हरवलेली मांजरं शोधणं, कचऱ्याच्या पिंपात शिरलेल्या अस्वलाची वर्दी देणं आणि ऑगस्टमध्ये प्रत्येकाच्या परसात उतू जाणारी झुकिनी दुसऱ्याच्या गळ्यात मारणं. नोव्हेंबरातल्या निवडणुकीनंतर तिन्ही उद्देश मागे पडले. एका बाईंनी मांजर हरवल्याचं कळवलं, तर खाली पहिलं उत्तर आलं, ‘तुम्ही मत कोणाला दिलंत ते त्याला कळलं असणार.’ दुसऱ्याने लिहिलं की अशी मांजरं हीच आता देशाची आशा. संध्याकाळपर्यंत पावणेदोनशे उत्तरं जमली. (मांजर त्या वेळी बाईंच्याच कपाटात झोपलेलं होतं. त्याची बाजू कोणी विचारली नाही.)

यावरून पाइक बेंडचे लोक भांडखोर असतील असं वाटेल. तसं मुळीच नाही. समोरासमोर वाईट बोलणं इथे लग्नाच्या कपड्यांत बर्फ उपसण्याइतकं विचित्र समजतात. कोणाच्या घराचा रंग डोळ्यांत खुपो, सुनेचे केस जांभळे असोत की पास्टरबाईंचं प्रवचन झोप आणो, गावकरी जास्तीत जास्त म्हणतो, ‘हं. वेगळं आहे.’ यापुढची शिवी गावाच्या बोलीत नाही. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या गिळलेलं सगळं आता एकदम बाहेर पडत होतं, अर्थात टोपणनावाने. ‘जागता डोळा’, ‘तळ्याकाठचा वारा’, ‘बर्फाखालचा निखारा’ अशी नावं घेऊन, एरवी दुसऱ्यासाठी दुकानाचं दार धरून उभी राहणारी माणसं एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

ग्रुपची व्यवस्था लव्हॉन ब्यर्की पाहत असे. लव्हॉनने वाहन परवान्याच्या कचेरीत उभी हयात काढली होती. फोटो काढताना हसू नका, रेघेच्या मागे उभे राहा, असं माणसांना सांगून सांगून माणूस नियमाने सुधारतो यावर तिची गाढ श्रद्धा बसलेली होती. तिने ताबडतोब उपाय योजले. पहिला उपाय असा, की कोणतीही शिवी लिहिल्यावर एक दिवस थांबूनच प्रसिद्ध होईल. सदस्यांनी या मुदतीचा सदुपयोग केला आणि शिव्यांचं शुद्धलेखन कमालीचं सुधारलं. दुसरा उपाय म्हणून तिने चर्चच्या तळघरात ‘मोकळं बोलू या’ मेळावा भरवला. दोन्ही बाजू वेळेवर हजर राहिल्या, कॉफी प्यायल्या, ‘तसं बरं चाललंय’ असं आळीपाळीने मोकळं बोलल्या, खुर्च्या घडी करून जागेवर ठेवल्या आणि बाहेर येऊन गाडीचं इंजिन तापेपर्यंत फोनवर एकमेकांना देशद्रोही ठरवून घरी गेल्या.

तक्रारींची चौकशीही होत असे. ‘तळ्याकाठचा वारा’ या इसमाविरुद्ध तीन तक्रारी आल्या होत्या. सदर इसमाने लिहिलं होतं की गावातल्या एका निळ्या घरातली कॉफी इतकी पातळ असते की कपाचा तळ दिसतो, आणि ज्यांना कॉफीचं प्रमाण कळत नाही त्यांनी देश कोणाच्या हाती द्यावा यावर बोलू नये. चौकशीत पुरावा मिळाला नाही. (चौकशी लव्हॉनने जातीने केली होती.)

‘जागता डोळा’ याची गोष्ट मात्र निराळी होती. त्याने थेट व्यवस्थापिकेवरच घसरून लिहिलं: ‘लव्हॉन ब्यर्कीच्या राजकारणाबद्दल बोलायलाच नको. तिच्या लिंबाच्या वड्यासुद्धा लाकडाच्या भुशासारख्या कोरड्या असतात. तीस वर्षं आख्खं गाव तिच्या तोंडावर छान म्हणतंय.’

राजकारणाबद्दलचं वाक्य लव्हॉनने वाचलंच नाही. वड्यांचं वाक्य तिने कितीदा वाचलं याला गणती नव्हती. चर्चच्या प्रत्येक जेवणाला, प्रत्येक बारशाला, प्रत्येक मयताला तिने त्या वड्या नेल्या होत्या. ताट नेहमी रिकामं परत येई. आता तिला वाटू लागलं की लोक त्या रुमालात गुंडाळून बाहेर नेत असावेत.

दर गुरुवारी दुपारी शेजारच्या निळ्या घरातली आर्डिस टॉलेफसन पत्ते खेळायला येई, तिच्याजवळ लव्हॉनने मन मोकळं केलं. आर्डिसच्या अंगणात दुसऱ्या पक्षाची पाटी होती. दोघींत मिळून बर्फ उडवायचं यंत्र एकच, आणि ते ढकलताना दोघीही दोन्ही पाट्यांना वळसा घालून ढकलत. त्या पाट्यांबद्दल एक अक्षरही कधी निघालं नव्हतं. निवडणुकीने लव्हॉनचं बरंच नेलं होतं: भाऊ बोलत नव्हता, भाची फोन उचलत नव्हती. गुरुवार तेवढा शिल्लक होता, आणि तो जाऊ नये म्हणून ती अक्षरशः जीव मुठीत धरून पत्ते पिसत असे.

“असल्या माणसांकडे लक्ष देऊ नये बघ,” आर्डिस म्हणाली. “दे गं, आणखी एक वडी दे.”

“कोरडी नाही ना लागत?”

“छे गं! छान आहे.” आर्डिसने कॉफीचा मोठा घोट घेतला.

“कोण आहे ते शोधून काढणार मी, आणि सगळ्या गावासमोर नावानिशी हाकलणार. पुन्हा त्याचं तोंड बघणार नाही.”

“हाकल की,” आर्डिस म्हणाली आणि पत्ते नीट लावू लागली.

त्याच आठवड्यात नियम सातवा जाहीर झाला. नियमाची भाषा सोपी होती: ‘ज्या सदस्यास दुसऱ्या सदस्याचा अपमान करावयाचा असेल, त्याने तत्पूर्वी सदर सदस्याच्या दारी स्वहस्ते केलेली एक हॉटडिश अथवा तत्सम खाद्यपदार्थ पोचता करावा. विकतचा चालणार नाही. टोपणनावधारकांनी काळोख पडल्यावर ठेवून, घंटी वाजवून निघून जावे.’ हॉटडिश म्हणजे कीमा, डब्यातलं मशरूम सूप आणि वर बटाट्याच्या गोळ्यांची फरसबंदी; एवढं ओव्हनमध्ये शिजायला तास लागतो. तेवढा वेळ वास घेत बसल्यावर माणसाचा राग उतरेल, असा लव्हॉनचा हिशेब होता. शिवाय दारात बर्फ होता. बर्फात पाऊल उमटतं, हे तिने कोणाला सांगितलं नाही.

नियम मोडावा हा विचार पाइक बेंडमध्ये कोणाला शिवलासुद्धा नाही. शेजाऱ्याला सैतानाचा हस्तक म्हणणं ही एक गोष्ट झाली, आणि ठरलेल्या दिवशी पदार्थ न आणणं ही दुसरी. दुसऱ्याच दिवशी मासेमारीच्या गळांचा आणि आमिषाचा दुकानवाला व्हर्लिन स्कोगन लव्हॉनच्या दारात उभा राहिला. त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं भांडं होतं.

“लव्हॉन, उद्या तुला नालायक म्हणायचंय. साधारण नऊच्या सुमारास. म्हटलं, आजच आणून ठेवावं.”

“काय आहे रे त्यात?”

“रानतांदूळ आणि कोंबडी.”

“मग आत ये ना. थंडीत काय उभा राहतोस.”

“नको, गाडी चालूच ठेवलीय.”

“बंद कर आणि ये.”

व्हर्लिन दोन तास बसला, आपण आणलेल्यातलं निम्मं खाऊन गेला आणि सकाळी नऊला त्याने दिलेल्या शब्दाप्रमाणे लिहिलं, ‘लव्हॉन काही बाबतीत थोडी नालायक असू शकते.’ खाली पाच जणांनी रानतांदळाची कृती विचारली.

महिन्याभरात अपमान निम्म्यावर आले आणि कमरा दीडपटीवर गेल्या. वाण्याकडचं मशरूम सूप संपलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब तपासून सांगितलं की गावाचा राग उतरलाय, पण कोलेस्टेरॉल चढलंय, आणि त्यांना स्वतःला राग परवडला असता. दर्जाही आपोआप ठरत गेले. मूर्ख म्हणायला गोड वड्या पुरत, खोटारडा म्हणायला कीमा लागे, आणि देशद्रोही म्हणायचं असेल तर अख्खी टर्की भाजणं सभ्यपणाचं समजलं जाई. त्यात गावाचा जुना रिवाज आडवा आला: आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. ज्याला शिवी मिळे तो भांड्यात काहीतरी भरून परत पाठवी. भरून पाठवलं म्हणजे त्यालाही एक शिवी देण्याचा अधिकार आलाच, पण लोक तो वापरायला विसरू लागले.

टोपणनावांचं मात्र हसं झालं. या गावात प्रत्येक भांड्याच्या बुडाला मालकाच्या नावाची चिकटपट्टी असते, कारण चर्चच्या जेवणानंतर सगळी भांडी सारखीच दिसतात. अनामिक राहून देश पेटवायला निघालेली माणसं पट्टी काढेनात. पट्टी काढली आणि भांडं गेलं तर? ‘बर्फाखालचा निखारा’ म्हणजे चर्चची पेटी वाजवणाऱ्या वृद्ध बाई, हे अशा रीतीने उघड झालं. त्यांना कोणी काही म्हणालं नाही. भांडं भरून परत गेलं, इतकंच. ‘तळ्याकाठचा वारा’ नियम लागू झाल्या दिवसापासून एकदम पडला होता.

‘जागता डोळा’ शेवटी आलाच. संध्याकाळी घंटी वाजली, लव्हॉन पळत दाराशी गेली. बाहेर भुरभुर बर्फ पडत होता आणि पायरीवरची पावलं बुजत चालली होती. फॉइलने झाकलेल्या भांड्यावर चिठ्ठी होती: ‘वड्यांबद्दल जे लिहिलं त्यापोटी. उशिरा आणल्याबद्दल क्षमस्व.’ आत लिंबाच्या वड्या होत्या. लव्हॉनने त्या एका ताटात काढल्या आणि आता सापडलास बेट्या, असं म्हणत भांडं पालथं केलं.

पट्टीवर तिचंच नाव होतं.

निळ्या फुलांचं ते भांडं तिने आर्डिसचा नवरा ऑर्व्हिल गेला तेव्हा जेवण भरून शेजारी पोचवलं होतं. परत मागणं बरं दिसलं नाही, म्हणून मग ते हरवलं असं तिने धरून चालायचं ठरवलं. आर्डिसने हुशारी केली होती. स्वतःचं नाव असलेलं भांडं देण्यात धोका, म्हणून तिने कपाटातलं दुसऱ्याचं भांडं निवडलं. आणि दुसऱ्याच्या भांड्याची पट्टी काढणं ही तर चोरीच झाली.

लव्हॉन ओट्याला टेकून उभी राहिली. तिला फार वाईट वाटलं. तीस वर्षं जी बाई ‘दे गं, आणखी एक’ म्हणाली, तिने घास कॉफीबरोबर उतरवला होता. मग तिने ताटातली एक वडी खाल्ली. ती ओलसर होती, आंबटही बेताची होती, आणि हे सगळ्यात वाईट होतं. फोनवर हाकलायचं बटण तिच्या बोटाखाली होतं. हाकललं की गुरुवार संपला, हेही तिला कळत होतं. तिने फोन पावाच्या डब्यात ठेवून दिला आणि झाकण लावलं.

गुरुवारी आर्डिस आली. या वेळी तिने स्वतःचा थर्मास आणला होता. लव्हॉनने टेबलावर आर्डिसच्याच वड्यांचं ताट ठेवलं. आर्डिसने एक उचलली, ओळखली आणि सावकाश चावली.

“कशा झाल्यात?” लव्हॉनने विचारलं.

“वेगळ्या आहेत,” आर्डिस म्हणाली.

“हं. माझं निळं भांडं सापडलं बाई.”

“सापडलं ना? मी म्हणतच होते, जाईल कुठं.” आर्डिसने थर्मासमधून दोन कप भरले. कॉफी डांबरासारखी काळी होती. “घे. बघ, तळ दिसतोय का.”

लव्हॉनने घोट घेतला. तो कडू होता. ‘तळ्याकाठचा वारा’ कोण, हे गावात आणखी एका माणसाला ठाऊक होतं तर.

“घट्ट आहे,” ती खाली बघत म्हणाली.

“लोक काहीबाही लिहितात. म्हटलं, सुधारावं.”

“मीही लोणी वाढवायचं म्हणतेय. वड्यांत.”

“वाढव. आणि पाच मिनिटं आधी काढ गं ओव्हनमधून. तीस वर्षं सांगेन म्हणतेय.” आर्डिसने पत्ते पुढे सरकवले. “वाट आता.”

लव्हॉनने पत्ते वाटले. बाहेर दोन्ही पाट्या बर्फात बुडल्या होत्या आणि वरून सारख्याच दिसत होत्या. निळं भांडं आता कोणी भरायचं यावर नियम सातवा काहीच सांगत नाही, म्हणून त्या दोघी आळीपाळीने भरतात.

हकिकत इथे संपते. यात लव्हॉनने मत कोणाला दिलं आणि आर्डिसने कोणाला, हे कुठेही लिहिलेलं नाही. सुज्ञ वाचकांनी मात्र ते केव्हाच ठरवलेलं आहे, आणि दोघींपैकी एकीबद्दल मनात एक शब्दही योजून ठेवला आहे. हरकत नाही, त्यांनी आधी काहीतरी शिजत टाकावं. भांडं नसेल तर मांडणीच्या मागच्या फळीवर बघावं. ज्या शेजाऱ्याला किंवा मेव्हण्याला तुम्ही निकालाच्या दिवशी ग्रुपवर ते सगळं लिहिलंत, त्यांच्याकडून दिवाळीच्या फराळाचा आलेला स्टीलचा डबा अजून तिथेच आहे. आणि तुमच्याकडे चिकटपट्टीची पद्धत नाही. तुम्ही लोक भांड्यावर नाव कोरून घेता.