सुमनकाकूंचा चावटपणा

"चावट हाय. सांगू?"

आमच्या शेजारच्या सुमनकाकू विनोद सांगण्याआधी अशी रीतसर परवानगी मागतात. रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट बघणाऱ्या अनोळखी बायकांकडे मागतात, मासळीवालीकडे मागतात. एकदा दाताच्या डॉक्टरकडेही मागितली. तो घाईत म्हणाला, "आधी झोपा, मग तोंड उघडा."

"अहो, सुरुवात तुम्हीच केलीत की!" काकू म्हणाल्या.

बालवाडीत शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरी उलटलेल्या बाईला हे शोभत नाही, असं माझ्या आईचं मत. तरी ती तोंडाला पदर लावून सगळं ऐकते. एकदा आई "वाह्यात" म्हणाली, तेव्हा मात्र काकू चिडल्या. "वाह्यात न्हाय, चावट! समोरचा हसला तर चावट. त्यानं मान खाली घातली, तर वाह्यात."

माझ्या बहिणीची हळद समाजमंदिरात होती. उष्टी हळद घेऊन आलेल्या वरपक्षातल्या एका पाहुण्याने माइक धरला आणि तो नवरीबद्दल नको ते बोलायला लागला. बहिणीचे डोळे भरले. मुलाकडच्या माणसाला बोलायचं कोणी? काकू उठल्या आणि त्यांनी त्याच्या हातातून माइक काढून घेतला.

"पोरगी रडाय लागली, दिसत न्हाय तुला? बस खाली."

आई पांढरीफटक पडली. काकू बहिणीकडे वळल्या. "चावट हाय. सांगू?"

तिने नाक पुसत मान डोलावली.

"पहिल्या रात्री आमचे हे म्हणाले, दिवा घालवू का? मी म्हटलं, घालवा, पण चष्मा राहू द्या. न्हायतर रातभर उशीलाच मिठी मारून बसाल!"

बहीण खुदकन हसली. सगळ्यांत मोठ्याने हसली ती तिची होणारी सासू.

परतताना मी म्हणालो, "काका भारी गमतीदार होते म्हणायचे." ते माझ्या जन्माआधीच वारले होते.

"ते?" काकू थांबल्या. "माझ्याशी कधी धड बोललेबी न्हाईत रे. चष्माबी नव्हता त्यांना. हा नवरा मीच रचलाय. बरा हाय ना?"

"छान आहे."

काकू खूश झाल्या. कुलूप उघडून म्हणाल्या, "चहा घेऊन जा. एकटीपुरतं आधण ठेवायचा कंटाळा येतो."

मी चपला काढल्या.