सगुणाबाईंनीं न वटविलेल्या डावाची हकीकत

श्रीस्मरणदेवता सावध असावी, लिहिणाराचा हात आणि वाचणाराचा डोळा राखावा. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशीं लिहिली हकीकत ऐसी जे: पृथ्वीवर राज्यें बहुत जाहलीं आणि बुडालीं, तख्तें फुटलीं, शिलालेख झिजले, परंतु साखळीचोपडीचें राज्य अक्षय. टोपीकर तीस ब्लॉकचेन म्हणतात. चोपडीचें एकेक पान मागील पानास ऐसें जखडिलें कीं मधलें एक अक्षर फिरवूं जातां पुढील सारीं पानें बोंब मारितात, आणि तिची नक्कल घरोघर, आणि लिहिलें तें ब्रह्मदेवासही खोडतां न ये. ऐशा अजरामर चोपडीचे पहिले पानीं लेख आहे: "चाचणी. दिसतें का?" तो खोडतां न आल्यामुळें अद्याप आहे.

त्या राज्यांत चोपडीचें स्वतःचें नाणें एक, परंतु रयतेपैकीं कोणासही आपल्या नांवाचें टोकन काढण्याची मुभा. कोणी तुपाचें काढी, कोणी गाण्याच्या बैठकीचें. टोकन म्हणजे काढणाराचा शब्द, आणि चोपडी सांगे इतकेंच कीं कोणाचा शब्द कोणापाशीं किती आहे. तो पाळण्यास चोपडी जामीन नाहीं. तेथें भिकाजीपंत गुप्ते म्हणून पेन्शनींतले गृहस्थ होते आणि शेजारीं सगुणाबाई. दोघांचेही जोडीदार देवाघरीं गेलेले. वीस वर्षें रोज दुपारीं ओटीवर सोंगट्यांचा पट मांडीत आणि भांडत. मग बाईंच्या लेकीनें त्यांस समुद्रापलीकडील परगण्यांत नेलें. गाडी दारीं आली तेव्हां डाव अर्धा होता, बाईंची शेवटली पिवळी सोंगटी घरांत जाण्यास एका दानाची वाट पाहत होती, आणि गडबडींत ती बाईंच्या पिशवींतच गेली. पंतांनीं पट गुंडाळिला नाहीं. सोंगट्या न हलवितां भोंवतालची धूळ तेवढी पुशीत.

मग पंतांनीं टोकन काढिलें, नांव 'डाव'. जो दाखवील त्याजबरोबर पंतांनीं एक डाव खेळावा ऐसा करार. अकरा काढिले आणि कौतुकानें आपल्याच नांवावर ठेविले, आणि चोपडी पाहतात तों शून्य. दफ्तराचे कारकून बाळकोबा हसून बोलिले, "पंत, आपला शब्द आपणच आपल्याला दिला तर तो धरायचा कशांत? दुसऱ्याच्या हातीं गेलें तर टोकन. तुमच्याकडे परत आलें कीं विरघळलें." पंत म्हणाले, "मग धाडा अकराही बाईंस." धाडिले, आणि उभ्या पावलीं माघारीं आले. बाळकोबा म्हणाले, "परक्याचें टोकन कोणाच्या गळ्यांत मारतां येत नाहीं हो. आधीं बाईंनीं स्वहस्तें लिहावें, कीं भिकाजीपंतांचीं टोकनें मी ठेवीन, आणि किती ठेवीन." पंतांनीं विचारिलें, "म्हणजे त्यांनीं होय म्हणावें लागेल?" "होय. सगळ्या राज्यादेखत." तरी पंतांनीं बाईंस तसा निरोप धाडिला, आणि मग रोज सकाळीं दांत घासण्याआधीं चोपडी उघडून पाहत. चाळीस दिवस कांहीं नाहीं. एकेचाळीसाव्या दिवशीं ओळ उमटली: "भिकाजीपंतांचे डाव ठेवीन. मर्यादा एक. अंगठ्यानें फासा फिरविण्याची खोड गेली असेल तरच." पंत भिंतीस म्हणाले, "वीस वर्षांत एकदांच!" आणि लगेच एक डाव धाडिला.

परंतु बाई तो वटविण्यास येईनात. पाडवा गेला, दसरा गेला, चोपडींत बाईंपुढें एक तो एकच. बाळकोबांस दया येऊन बोलिले, "टोकन परत ओढण्याचा हक्क काढतेवेळीं राखावा लागतो. राखला होता?" पंत म्हणाले, "सगुणाबाईंकडून काय ओढून घ्यायचें, बाळकोबा." मग बाळकोबांनीं बाईंस फोन लाविला आणि येतां कधीं म्हणून पुसिलें. बाई म्हणाल्या, "येईन हो. पण खेळलें कीं माझ्याकडे शून्य. इथें संध्याकाळीं लेक कामावर, जावई कामावर. मी चोपडी उघडतें, माझ्या नांवापुढें एक दिसतो. तो कसा घालवूं?" हें बाळकोबांनीं पंतांस जसेंच्या तसें सांगितलें.

येणेंप्रमाणें सारांश, कीं या राज्यांत टोकन कोणीही काढील, पण घेईन म्हणणारें माणूस दूर परगण्यांत असतें. मग पंतांनीं चोपडींत, न खोडतां येण्याजोगें, सर्वांदेखत लिहिलें: "सगुणाबाईंस विनंती जे, मर्यादा एकाची दोन करावी. एक ठेवावा, एक खेळावा. आणि येतांना पिवळी सोंगटी आणावी. तिच्या जागीं सुपारी ठेविली होती, ती मंगळवारीं चुकून खाल्ली गेली."